मान वर झाली की थांबायचं

१
सकाळी सव्वासहा. समोरच्या बदामावर सातभाई. मोजले. अकरा.

२
तांबट दिवसभर टुकटुक करतो, तो चोच मिटून. नुसतं ऐकून हे मला कधीच कळलं नसतं. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं: चोच बंद, गळा फुगलेला. पुढचे दहा फोटो पाहिले, त्यांतही तेच.
घरट्यासाठी तो वाळक्या, ठिसूळ लाकडात भोक पाडतो. सोसायटीच्या सभेत वाळक्या फांद्या छाटायचा विषय निघाला की मी दरवर्षी एवढंच म्हणते, वाटेवर पडणार नाही अशी एक तरी राहू द्या. यंदा एक राहिली.

३
जांभळा शिंजीर. सावलीत कोळशासारखा काळा. दोन सेकंदांनी उन्हात आला आणि जांभळा, निळा, मधेच हिरवा. हा रंग पिसांच्या बारीक रचनेतून उजेड परतताना तयार होतो. खंड्याची निळाईही अशीच, तिच्यात निळं रंगद्रव्य नाही. ते पीस कुटलं तर निळी पूड मिळणार नाही.
म्हणून सूर्य पाठीमागे हवा. शिंजिराला ऊन लागेपर्यंत बसून राहायचं.

४
‘कोकिळा गाते’ असं आपण वर्षानुवर्षं लिहीत आलो. ती तान नराची. नर काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावून आईला दाखवले. आई म्हणाली, “अगं, ही एका घरातली वाटत नाहीत.”
घर त्यांचं नसतंच. अंडी कावळ्याच्या घरट्यात.

५
‘सुगरण’ हे नाव बाईचं, विणणारा नर. १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला सुगरणींची वसाहत दिवसचे दिवस पाहिली. नर घरटं अर्धं विणतो. मादी येऊन आतून बाहेरून तपासते. पसंत पडलं तर राहते. मग तो ते पुरं करतो आणि शेजारी दुसरं विणायला घेतो.
अर्धवट विणलेल्या घरट्याला लोंबकळणाऱ्या नराचे फोटो पुष्कळ दिसतात. नाकारलेल्या घरट्यांचे कुणी काढत नाही.

६
उजनीचं पाणी, भिगवणजवळचं कुंभारगाव. जानेवारी. होडीवाले दादा पूर्वी फक्त मासेमारी करायचे, आता हिवाळ्यात पक्षी दाखवतात. समोर रोहितांचा थवा, शंभर-सव्वाशे तरी. सगळ्यांच्या चोची पाण्यात. मी कॅमेरा लावला. दादांनी होडी थांबवली.
“अजून थोडं जवळ जाता येईल का, दादा?”
“नाही ताई. त्या तिकडच्या चौघांच्या माना वर झाल्या बघा. आता पुढं गेलो की सगळे उठतील.”
आम्ही तिथेच राहिलो. पाच-सात मिनिटांनी चारही माना खाली गेल्या. मग दादांनी होडी बाजूने नेली, समोरून नाही. पक्षी खात राहिले.
मी फोटोग्राफीवर बरंच वाचलं आहे. दादांचं हे वाक्य त्यात नव्हतं.

७
रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावर पावलं टाकत धावावं लागतं, तेव्हा तो वर उठतो. फोटोत ती धाव फार देखणी दिसते: थेंब उडालेले, पंखांची लाली उघडलेली. पुष्कळदा ती धाव कुणीतरी होडी अंगावर घातल्यामुळे झालेली असते.

८
त्याच दिवशी, त्याच पाण्यावर पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे. हिमालय ओलांडून आलेले. काठावरच्या हरभऱ्याच्या रानात उतरले होते. रानाचा मालक बांधावर उभा राहून बघत होता. त्याच्या हातात दगड नव्हता, हेही टिपून ठेवते.

९
उडत्या पक्ष्याला सेकंदाचा दोन हजारावा भाग. बसलेल्याला पाचशेवा पुरतो. डोळा स्पष्ट नसेल तर बाकी सगळं स्पष्ट असून उपयोग नाही. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणायचा. टिटवी जमिनीवर असेल तर आपणही पालथं पडायचं. चिखल धुता येतो.

१०
जुन्या पक्षी-फोटोग्राफरांची पुस्तकं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: घरटी, घरटी आणि घरटी. कारण उघड आहे. कॅमेरा जड, फिल्म मंद, जवळ गेल्याशिवाय काही दिसायचं नाही. आणि पक्षी हमखास एकाच जागी परत येतो ती जागा म्हणजे त्याचं घरटं. दुसऱ्या महायुद्धात लोक वान थो नावाचे पक्षी-फोटोग्राफर भारतात आश्रयाला आले आणि सलीम अलींचे स्नेही झाले. उंच झाडावरच्या घरट्यासमोर मचाण उभारून, वर लपण बांधून ते तासन्‌तास बसत. त्यांची चिकाटी थोर.
आज चारशे मिलिमीटरची लेन्स हौशी माणसाकडेही असते आणि कॅमेरा अंधुक उजेडातही काम करतो. घरट्याशी जाण्याचं ते कारण संपलं. सवय संपलेली नाही.

११
अकरा वर्षांपूर्वी. आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाचं घरटं. तीन अंडी, मग तीन पिल्लं. दोन डहाळ्या आड येत होत्या. त्या मी कपड्यांच्या चिमट्याने बाजूला धरून ठेवल्या. तोडल्या नाहीत याचं समाधान वाटलं होतं. फोटो उत्तम आला. तीन उघड्या चोची, आईच्या चोचीत अळी, सकाळचं तिरपं ऊन.
दुसऱ्या दिवशी कावळा आला.
त्या पानांमुळे घरटं मला नीट दिसत नव्हतं. त्यालाही दिसत नव्हतं.

१२
बुलबुलाची जोडी दोन दिवस चोचीत खाऊ घेऊन येत राहिली.

१३
जून. कर्नाळा. तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी. चिमणीपेक्षा लहान, पोट पिवळं, पाठ निळी-जांभळी, चोच लालभडक. पावसासोबत कोकणात येतो, ओढ्याच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतो, पाऊस सरला की जातो. एवढ्या महिन्यांत संसार उरकायचा असतो.
वाटेवर एक तरुण भेटला. त्याला दरड माहीत होती. “ताई, तिथं आठ जण बसलेत. पक्षी बेडूक घेऊन समोरच्या फांदीवर थांबलाय, आत जात नाही.”
आठ जणांना फोटो मिळाला. चोचीत बेडूक धरून फांदीवर बसलेला पक्षी.
आम्ही दोघं खाली परतलो. फाट्यावर चहा घेतला.

१४
स्पीकरवर आवाज लावला की नवरंग येतो. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो शोधतो, ओरडतो, खाणं सोडतो. आपण क्लिक करतो आणि जातो. तो अजून शोधत असतो.

१५
रानपिंगळा. १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. संग्रहालयात एक नमुना होता, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधलं ठिकाण. ती चिठ्ठी खोटी होती. नमुना जुना, संग्रहालयातूनच चोरलेला, त्यावर नवं साल आणि नवी जागा लिहिलेली. लिहिणारे रिचर्ड माइनर्टझागेन, त्या काळचं पक्षीशास्त्रातलं मोठं नाव. शोधणारे त्या चिठ्ठीच्या मागे चुकीच्या रानात फिरले.
१९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी ती नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून निघाले. २५ तारखेला सकाळी, शहाद्याजवळच्या रानात, निष्पर्ण झाडावर तो बसलेला होता. ११३ वर्षांनी.
खोट्या पत्त्याने पक्षी हरवला होता.

१६
आता मोबाइलचा फोटो आपोआप पत्ता लिहितो, आणि तो अगदी खरा असतो. संध्याकाळी घुबडाचा फोटो टाकला की रविवारी त्या झाडाखाली सहा गाड्या. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर काही दुर्मीळ पक्ष्यांच्या जागा मुद्दाम झाकून ठेवतात. मी तालुका लिहिते. झाड लिहीत नाही.

१७
मे महिना, इंदापूरकडचं कडबनवाडीचं माळरान. गाडी हेच उत्तम लपण. पक्षी माणसाला बुजतात तितके गाडीला बुजत नाहीत. खिडकीच्या काचेवर शेंगदाण्यांची पिशवी, तिच्यावर लेन्स. तिथे धाविक पाहिला, दहा पावलं धावून थबकणारा.
धाविक, टिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. म्हणून गाडी चाकोरी सोडून एक फूटही नको. गवतावर चाकांच्या नव्या खुणा होत्या, धाविकाच्या दिशेने वळलेल्या.

१८
भरतपूरची पाणथळ जागा. सायकलरिक्षावाले सरदारजी पक्ष्यांची नावं इंग्रजीत सांगतात आणि चूक करत नाहीत. दुर्बीण त्यांच्याच गळ्यात.
आत देवळाजवळ शिकारीच्या आकड्यांचे दगड आहेत. एका ओळीपाशी थांबले: १२ नोव्हेंबर १९३८, व्हाइसरॉय लिनलिथगो, एका दिवसात ४,२७३ पक्षी.
त्या दिवशी सलीम अलींना ४२ वर्षं पुरी झाली. पुढे हीच पाणथळ जागा राखली जावी म्हणून ते झटले.
दगडाचा फोटो काढला. वर पाहिलं तर पिंगळा डोळे मिटून बसला होता. त्याचाही काढला.

१९
महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षीसप्ताह. ५ हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ सलीम अलींचा. चितमपल्ली वनखात्यात नोकरी करता करता पारधी, गोंड, कोरकू यांच्याकडून पक्ष्यांची नावं गोळा करत राहिले. नाव माहीत असलं की हाक मारता येते, आणि नसल्याची उणीव कळते. पक्षीसप्ताहात शाळेत फोटो दाखवायला बोलावतात तेव्हा मी आधी नावं विचारते. गेल्या वर्षी एका मुलीने वेड्या राघूला तिच्या आजीच्या गावचं नाव सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं. वहीत लिहून घेतलं.

२०
पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. महिन्यातून एकदा त्या बदलणं आणि लेन्स तासभर उजेडात ठेवणं.

२१
फोटो नसलेली यादी: आंबोलीत धुक्यात शीळ घालणारा कस्तूर. नांदूर मधमेश्वरला धरणाच्या भिंतीवरून गेलेला मोठा गरुड, कुठला ते ठरलं नाही. रात्री प्रवासात हेडलाइटच्या उजेडात रस्त्यावरून उठलेला रातवा. ड्रायव्हरने गाडी वेळेवर थांबवली.
ही यादी फोटो असलेल्या यादीपेक्षा लांब आहे. दोन्ही एकाच वहीत ठेवते.

२२
भारद्वाज दिसला तर दिवस चांगला जातो म्हणतात. आज दिसला. कंपाउंडच्या भिंतीवर, चोचीत सरडा. भिंतीपलीकडच्या घाणेरीत शिरला आणि बाहेर आला तेव्हा चोच रिकामी. म्हणजे आत घरटं. कॅमेरा खाली ठेवला.

२३
मधुमालतीत यंदा पुन्हा बुलबुल काड्या आणत आहेत. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं बाहेर पडायला आणखी जवळपास तेवढेच. महिनाभर गॅलरीचं दार बंद, कपडे आतल्या दोरीवर. शेजारच्या काकूंनाही सांगितलं आहे. त्यांनी तुळशीला पाणी दुसऱ्या खिडकीतून घालायला सुरुवात केली आहे.
तुमच्याकडे घरटं झालं तर एकही पान हलवू नका. कावळा बघत असतो.