अर्धा कोयता

लोक मैत्री वर्षांत मोजतात. आम्ही बीडकडची माणसं ती गाळप हंगामात मोजतो. दसरा सरला की आमचा बालमित्र संसार ट्रॅक्टरवर लादून कोल्हापूरकडे ऊस तोडायला निघतो. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. शाळेत अपूर्णांकांना भिणारा हा गडी लग्नापर्यंत स्वतःच अपूर्णांक होता, आता बोला! "औंदा उचल फिटली की बास," असं तो दरसाल नवी उचल घेऊन सांगतो. बीडला रेल्वे आली २०२५ साली. तोवर सिनेमातल्यासारखा रुमाल हलवायला फलाटसुद्धा नव्हता. ट्रॅक्टरची धूळ मात्र डोळ्यांत जायची, तेवढी सोय होती. तो गेला की पाडव्यापर्यंत पारावर अर्धा कोयता मीच.