सूर तोच, दणका कमी

भीमजयंती 14 एप्रिलला. गाण्यांची तालीम मात्र फेब्रुवारीतच सुरू होते, आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात वस्तीतली घरे भिंतीला भिंत लागून. एका घरात गिटार, तर शेजारच्या घरात लेकरू हिशेबाचे पुस्तक उघडून बसलेले. दोघेही आपलेच. मग कोणाला गप्प बसवायचे?

आमच्या गायन पार्टीच्या पोरांनी वर्गणी काढून 50 वॅटचा एक जुना, व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर आणला. चार दिवसांतच एक माउली आमच्याकडे आली. "भाऊ, जयंती आमचीबी हाये, पण पोरीचा पेपर हाये ना!" पोरांना सांगितले, तर ती म्हणाली, "काका, आवाज कमी केला की गिटारची गोडीच जाते."

आम्ही कचेरीतले कारकून, बी.कॉम. झालेले. यंत्रातले कळणाऱ्या मेकॅनिकला गाठून सगळे समजून घेतले. पोरे खोटे बोलत नव्हती. शेवटचे मोठे व्हॉल्व्ह पुऱ्या जोराने चालू लागले की त्यांचा आवाज भरदार आणि जरा खरबरीत होतो. व्हॉल्यूमचे बटण खाली आणले, तर व्हॉल्व्हवरचा तो ताणच जातो आणि सूर पातळ पडतो.

यावर एक पेटी मिळते. तिला अ‍ॅटेन्युएटर म्हणतात. अमेरिकेतील बोस्टन बँडचे गिटारवादक टॉम शोल्झ हे इंजिनिअर. त्यांनी 1980 च्या सुमारास अशीच 'पॉवर सोक' नावाची पेटी बाजारात आणली. ही पेटी अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे बसते. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जमा 50 वॅट, स्पीकरला खर्च 5 वॅट, आणि उरलेल्या 45 वॅटची पेटीत उष्णता होते. म्हणून पेटी तापते. तिच्यावर कपडा टाकू नये, भोवती हवा खेळती ठेवावी.

पण 50 चे 5 वॅट केले म्हणून आवाज दहापट कमी होत नाही. तो फक्त 10 डेसिबलने उतरतो आणि कानाला साधारण निम्मा वाटतो. गिटारचा स्पीकर एका वॅटवरही मीटरभर अंतरावर शंभराच्या आसपास डेसिबल देतो. वस्तीसाठी सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. म्हणजे पेटी घेतली म्हणून रात्री अकराला वाजवायची मुभा मिळत नाही. शिवाय आवाज फारच उतरवला, तर कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि थोडी गोडी जातेच.

घेणाऱ्या मंडळांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अ‍ॅम्प्लिफायर 8 ओहमवर लावला असेल, तर पेटी आणि स्पीकरही 8 ओहमचेच हवेत. 50 वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला पेटी 100 वॅट झेपणारी घ्यावी. पेटीपासून स्पीकरपर्यंत जाड स्पीकर-वायरच लावावी, गिटारची वायर लावू नये. स्पीकर किंवा पेटी जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वाजवू नये, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. पेटी लावली तरी व्हॉल्व्ह पुऱ्या जोरानेच चालतात, म्हणून ते लवकर झिजतात. तो खर्च वर्गणीत धरावा. आत चारशे व्होल्टच्या घरातला दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. म्हणून पोरांनी झाकण उघडू नये.

आमच्याकडे मग बैठक झाली. तालीम संध्याकाळी सहा ते साडेसात, पेटी लावून आणि स्पीकरचे तोंड गल्लीकडे न ठेवता. पेपरच्या आदल्या दिवशी गिटार बंद. त्या दिवशी फक्त ढोलकी आणि तीही बोटांनी. पोरांनी थोडी कुरकुर केली, पण मानले. त्यातल्या दोघांचे स्वतःचेच पेपर होते!

शिक्षण आणि गाणे, दोन्हींनी आपला समाज उभा राहिला. एकाच्या आवाजाखाली दुसरे दबायला नको. ज्या गावात तालीम सुरू व्हायची आहे, तिथल्या मंडळाने वर्गणीच्या वहीआधी परीक्षेचे वेळापत्रक भिंतीवर लावावे.