सप्पळ यावाग बर्तदरी?

नवी गाडी घ्यायची ठरली की सगळे घर शोरूमला जाते. रंग मुले ठरवतात, सीटचे कापड आजी हाताने चाचपून बघते, नारळ फोडायला मामा-मावशीही हजर असतात. तीच गाडी चार-पाच वर्षांनी कुरकुरायला लागली की गॅरेजला मात्र एकच माणूस जातो. तोही कामाच्या गडबडीत किल्ली हातात देतो, ‘काहीतरी आवाज येतोय, जरा बघून घ्या’ एवढे सांगतो आणि निघतो. संध्याकाळी बिल तयार असते. दोन पार्ट बदललेले असतात. आणि घरी येताना पहिल्याच खड्ड्यात तो आवाज पुन्हा हजर!

अशा वेळी आपण मेकॅनिकला नावे ठेवतो. कधी ते खरेही असते. पण डॉक्टरांकडे जाऊन ‘कुठेतरी दुखतंय’ एवढेच सांगितले तर डॉक्टर तरी काय करतील? कुठे दुखते, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे आपण डॉक्टरांना न विचारता सांगतो. गाडीला तर तोंडच नाही. तिच्या वतीने आपल्यालाच बोलावे लागते.

आमच्याकडे गाडी ही हौस राहिलेली नाही. आम्ही खानापूरला राहतो. माझे कॉलेज इथेच. यांची नोकरी हुबळीला, त्यामुळे ते शनिवारी रात्री येतात आणि सोमवारी पहाटे जातात. सासूबाई गोकाककडच्या. आमच्या घरात दोन्ही भाषा नांदतात आणि मी त्यांना पहिल्यापासून अत्तीच म्हणते. तीन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिससाठी बेळगावला न्यावे लागते. अंतर सव्वीस किलोमीटर. जाताना बसने जाता येईल, पण चार तास मशीनला जोडून राहिलेले माणूस परत येताना बसच्या दांड्याला धरून उभे राहू शकत नाही. आणि डायलिसिसचा दिवस ‘आज गाडी बंद आहे, उद्या येतो’ असे म्हणून पुढे ढकलण्यातला नाही. त्यामुळे २००९ सालची ही छोटी पेट्रोल गाडी चालू राहणे ही आमच्या घरात औषधाइतकीच गरजेची गोष्ट झाली आहे.

आमचे मिस्त्री बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला काम करतात. क्रँकशाफ्ट आणि फौंड्रीसाठी नाव असलेला हा भाग, इथल्या माणसाला लोखंडाचा कान उपजतच असतो की काय कोण जाणे. मिस्त्री गाडी आली की लगेच बोनेट उघडत नाहीत. हात पुसत आधी विचारतात, “सप्पळ यावाग बर्तदरी?” आवाज कधी येतो? कुठून येतो हे ते दुसऱ्यांदा विचारतात. पहिला प्रश्न ‘कधी’चाच.

या ‘सप्पळ’ शब्दाचे मला कौतुक वाटते. मराठीत माणसाचाही आवाज आणि गाडीचाही आवाजच. कन्नडमध्ये बोलणाऱ्याची ती ‘दनी’ आणि भांडे पडले, दार वाजले, चाक घासले तर तो ‘सप्पळ’. उलट, आवाजाची नक्कल करणारे शब्द मात्र आपल्या मराठीत भरपूर आहेत. खडखड, टकटक, किरकिर, घरघर, फटफट, चरचर. गॅरेजमध्ये या शब्दांची लाज वाटून घेऊ नये. ‘सस्पेन्शनमध्ये प्रॉब्लेम आहे’ असे आपण सांगितले तर मेकॅनिक आपल्या निदानाच्या मागे लागतो. ‘बारीक खड्ड्यांतून हळू जाताना पुढे डावीकडे खडखडतं’ असे सांगितले तर तो स्वतःचे डोके चालवतो. नाव त्याने ठेवावे, लक्षण आपण सांगावे.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. परतीच्या वाटेवर अत्ती मागे डाव्या बाजूला डोळे मिटून बसलेल्या असतात. झोपल्या आहेत असे वाटते, पण त्या जाग्या असतात. एकदा म्हणाल्या, “हिंदिंद, नन्न बाजूक, घूंय अंत सप्पळ बर्तद.” मागून, त्यांच्या बाजूने. मला पुढे काहीच ऐकू येत नव्हते. इंजिनाचा आवाज, समोरून येणाऱ्या लॉऱ्या, त्यात मागचे कोण ऐकणार? पुढच्या फेरीला मी काच वर करून, एसी बंद करून लक्ष दिले. साठच्या वेगाला अगदी हलका घूं असा सूर होता, विमान लांबून जावे तसा. क्लच दाबला, इंजिन खाली आले, तरी तो सूर तसाच. वेग कमी झाला की मात्र तोही कमी.

मिस्त्रींना हे सगळे सांगितले. त्यांनी नेहमीचा प्रश्न केला, पण या वेळी माझ्याकडे न बघता अत्तींकडे बघून. अत्ती म्हणाल्या, रस्ता उजवीकडे वळला की सप्पळ वाढतो. मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर येतो, आणि बेअरिंग गेलेले असेल तर भार येताच ते जास्त ओरडते. त्यांनी मागचे डावे चाक जॅकवर उचलले, एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवले. “हात लावून बघा बाई,” म्हणाले. स्प्रिंगमध्ये बारीक करकर हाताला जाणवत होती. उजवे चाक फिरवले तर ते गुळगुळीत.

बेअरिंग बदलायला दुपार लागली नाही. पण तसेच चालवत राहिलो असतो तर चाक डगमगायला लागते, बेअरिंग तापते आणि शेवटी चाक जाम होऊ शकते. हे भर महामार्गावर, मागे आजारी माणूस असताना. आमच्या गाडीत यासाठी डॅशबोर्डवर कसलाही दिवा लागत नाही. गाडी तयार झाल्यावर मिस्त्री अत्तींना म्हणाले, “इन्नोंद सल कुंद्री, अज्जी.” त्यांना मागे बसवून त्यांनी एक चक्कर मारली. अत्तींनी ‘ईग इल्ल’ म्हटल्यावरच बिल केले.

तेव्हापासून मी इतर आवाजांचीही मिस्त्रींकडून विचारपूस करत आले आहे. त्यातले रोजच्या उपयोगाचे थोडे वाचकांसाठी. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना टक-टक-टक वाजले तर पुढच्या एक्सलचा जॉइंट बघायला सांगावे. त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलेले असते. सकाळी गाडी चालू करताच चिं असा लांब आवाज येऊन थांबतो तो बहुधा ढिल्या किंवा जुन्या झालेल्या बेल्टचा. सेल्फ मारल्यावर नुसते कट-कट होते तेव्हा आधी बॅटरी आणि तिच्या टर्मिनलवर साठलेली पांढरी भुकटी बघावी, लगेच सेल्फ खोलायला देऊ नये. पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला खरखरते. डिस्कवर चढलेला तो पातळ गंज असतो, आपोआप जातो. पण दिवसभर ब्रेक दाबताना किरकिर येत असेल तर पॅड संपत आले आहेत, आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखे वाटले तर गाडी पुढे नेऊच नये. इंजिनातून टिकटिक येते आहे आणि ऑइलचा लाल दिवाही लागला आहे, असे झाले तर गॅरेजपर्यंत जाऊ असा विचारही करू नये. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे.

कानाइतकेच नाक आणि डोळेही कामाचे. रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवावा. सकाळी त्यावर स्वच्छ पाण्याचा डाग दिसला तर तो एसीचा, काळजी नाही. हिरवा किंवा गुलाबी डाग कूलंटचा, काळा इंजिन ऑइलचा, आणि चाकाजवळ तेलकट डाग असेल तर तो ब्रेक ऑइलचा असू शकतो, त्याला एक दिवसही थांबू नये. चोर्ला किंवा आंबोली घाट उतरून गोव्याला, सावंतवाडीला जाणाऱ्यांनी तर ब्रेक ऑइलकडे विशेष लक्ष द्यावे. ते हवेतला ओलावा शोषून घेते. सतत ब्रेक दाबून ते तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये राहावे. न्यूट्रल करून पेट्रोल वाचते हा समज कार्बोरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनला पेट्रोल जाणेच थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र ते जात राहते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच.

गाडीच्या तक्रारींत आता एक नवी भर पडली आहे. ‘मायलेज पडलंय.’ २०२५ पासून जवळपास सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मायलेज थोडे उतरणारच. पण ‘थोडे’ म्हणजे किती, हे अंदाजाने सांगू नये. टाकी फुल करून किलोमीटर लिहून ठेवावे, पुन्हा फुल करताना किती लिटर बसले ते बघावे, आणि असे तीन वेळा करावे. त्यानंतरही मायलेज फारच कमी निघाले तर चाकातली हवा, एअर फिल्टर, घासत राहणारा ब्रेक यांपैकी काहीतरी असते. जुन्या गाडीत पेट्रोलचा वास आला तर रबरी पाइप बदलून घ्यावेत, कारण जुने रबर इथेनॉलला तितके टिकत नाही.

हवेवरून आठवले. कन्नडमध्ये ‘गाली’ म्हणजे चाक आणि ‘गाळी’ म्हणजे हवा. आमची मुलगी लहानपणी यात गोंधळायची. मिस्त्रींनी तिला एक वाक्य पाठ करायला दिले होते, “गालिग गाळी हाक्री.” आता पंपावर हवा भरायला उतरते तीच. चाके थंड असताना हवा बघायची, स्टेपनीही विसरायची नाही, हेही ती त्या वाक्याबरोबरच शिकली.

आम्ही डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, लक्षण, काय बदलले आणि किती पैसे झाले, एवढेच त्यात. लक्षण ज्याला जाणवले त्याने लिहायचे, त्यामुळे काही पाने मराठीत आणि काही कन्नडमध्ये आहेत. अत्तींना आता लिहिणे जमत नाही. त्या सांगतात, मुलगी लिहिते. २०२४ साली गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली तेव्हा घरात मोठी चर्चा झाली होती. नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायची तर गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, शिवाय १ एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्कही ६०० रुपयांवरून ५,००० झाले. विकून टाकू, असे यांचे मत होते. मग सगळ्यांनी मिळून वही चाळली. तीन वर्षांत इंजिनाचे एकही मोठे काम निघाले नव्हते, खर्च झाला होता तो टायर, बॅटरी आणि ब्रेकवर, म्हणजे कोणत्याही गाडीला होतो तोच. नव्या गाडीचा हप्ता आणि औषधांचा खर्च शेजारी-शेजारी मांडले, आणि नोंदणी वाढवायची ठरली. वही नसती तर असा निर्णय शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर झाला असता.

वाचकांना एकच सुचवावेसे वाटते. पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला न्याल तेव्हा ती रोज चालवणाऱ्याला आणि तिच्यात रोज मागे बसणाऱ्याला, दोघांनाही बरोबर न्या. आजी असतील, शाळेत जाणारी मुले असतील. त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांत त्यांना सांगू द्या. मेकॅनिक ऐकून घेणारा निवडा, आणि तो ‘कधी’ असे विचारतो का तेवढे बघा. आमच्या अत्तींनी परवाच नवी तक्रार नोंदवली आहे. स्पीड ब्रेकर ओलांडताना डिकीत काहीतरी टणकन वाजते. मुलीने ते वहीत लिहिले आहे. बहुतेक स्टेपनीखालचा जॅक सैल झाला असावा, पण बुधवारी मिस्त्रींना दाखवल्याशिवाय त्या काही ऐकायच्या नाहीत.