राजीनामा एकाचा, घर चौघांचे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयाचे एक पाळकसाहेब घाटावरील मंडळीची सेवा सोडून, ऐन आषाढात, पत्नी व दोन मुलांसह लांज्यात बहिणीकडे आले. टेम्पोतले सामान उतरवून घ्यायला आम्ही गेलो होतो. ताडपत्रीखाली पुस्तकांची खोकी अधिक होती, भांडीकुंडी थोडी. राहते घर मंडळीचे. सेवा संपली तसे तेही सुटले. साहेब एवढेच म्हणाले, "राजीनामा मी एकट्याने दिला; नोकरी मात्र चौघांची गेली."

त्याच सुमारास आम्ही वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्याच जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनची सेवा केली. १९१७ साली, वयाच्या ५५व्या वर्षी, मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली व साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. लक्ष्मीबाई त्यांच्यामागे जवळजवळ सतरा वर्षे जगल्या.

या त्यागाविषयी आम्ही वर्गात भरभरून बोललो. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, पण मग घरात वाणसामान कोण भरायचे?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि लगेच ओशाळलो. मराठी माणसाला संन्याशाचे कौतुक फार. परंतु संन्याशाच्या घरची चूल लक्षात राहते ती लक्ष्मीबाईंसारख्या बाईने लेखणी हाती धरली म्हणूनच. १८९५ आणि १९१७, दोन्ही वेळा निर्णय टिळकांचा होता. संसार मात्र दोघांचा होता.

ओशाळण्याचे कारण दुसरेही होते. तीन आठवडे आम्ही पाळकसाहेबांकडे जात होतो ते ग्रंथ घेऊन. श्रद्धा, संशय, संस्था यांवर रात्री रंगत. बाई चहा ठेवून आत जात. मुलांचे शाळाप्रवेश झाले का, घरखर्च कसा चालला आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. पूर्वी रविवारी पन्नास माणसे त्यांना 'पाळकबाई' म्हणून हाक मारीत. येथे त्यांना नावाने ओळखणारेही कोणी नव्हते.

सेवा सोडणाऱ्या पाळकाला मंडळीने काय द्यावे, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. तरी काही महिन्यांचे वेतन, दुसरा निवारा मिळेपर्यंत राहते घर आणि त्याने सेवा का सोडली याची चौकशी न करता येणारीजाणारी चार माणसे, एवढे मागणे अवाजवी नसावे. विश्वास डळमळला म्हणून गेला की शरीर थकले म्हणून, मुलांची फी तेवढीच असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्रंथ घरीच ठेवले. बाईंना विचारले, "तुमचे नाव काय?" त्यांनी सांगितले. मग मुलांचे दाखले घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर शाळेत गेलो.