उरलेले भाग

ताप उतरला, पण अंगात त्राण नव्हतं. पडल्या पडल्या ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या टीव्ही मालिकेतली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ची चार भागांची कथा पाहिली. एका प्रसंगात बाकीचे झोपलेत आणि पॅट्रिक ट्राउटनचा डॉक्टर वडील गमावलेल्या व्हिक्टोरियाशी दबक्या आवाजात बोलत बसतो. गेलेल्या माणसांविषयी. घाई नाही, पार्श्वसंगीताचा गाजावाजा नाही.

हे मला दिसतंय तरी कसं, याचंच नवल वाटत राहिलं. व्हिडिओटेप महाग, म्हणून बीबीसीने त्या पुसून पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग अजून बेपत्ता आहेत. ही कथाही गेल्यातच जमा होती. १९९२मध्ये तिची रिळं हाँगकाँगहून परत आली. हरवलेल्या भागांचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण चाहत्यांनी घरी टीव्हीचा आवाज टेप करून ठेवला होता.

गेल्याची हळहळ असतेच. उरल्याचा आनंद जरा बुजरा असतो, पटकन बोलून दाखवता येत नाही. माझ्या आजीचा आवाज कुठेच नाही.

तुमच्याकडे जुन्या कॅसेट असतील, तर भंगारात देण्याआधी एकदा लावून ऐका.