खड्ड्यापाशी ऐकलेलं नाव

१९७८ साली मी इंदूरच्या कृषी महाविद्यालयात गेलो तो वडिलांच्या शब्दाखातर. याच आवारात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ घडवली. तसल्याच एका कंपोस्टच्या खड्ड्यापाशी आमच्या सरांनी पांडुरंग खानखोजे हे नाव पहिल्यांदा माझ्या कानावर घातलं. सर मूळचे नागपूरचे. खानखोज्यांची अखेरची वर्षं नागपुरातच गेली. सरांनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं.

खानखोजे वर्ध्याचे. हा मुलगा विशीच्या आतबाहेर घराबाहेर पडला तो लष्करी शिक्षणासाठी. आधी जपान, मग अमेरिका. तिथे लष्करी शाळेत शिकला, शेतकीही शिकला, आणि गिरण्यांत, मळ्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत मिसळला. हे मजूर बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं. त्यांच्यातूनच १९१३ साली इंग्रज सत्तेविरुद्धचा क्रांतिकारी गदर पक्ष उभा राहिला आणि खानखोजे त्याच्या पहिल्या फळीत होते. पुढे पहिल्या महायुद्धात इराणात ते इंग्रजांशी लढले. पण सर रेंगाळत ते मेक्सिकोपाशी. १९२४ मध्ये खानखोजे तिथे पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटताना रंगवलं. “स्वराज्य कुणासाठी, हे त्यांना मजुरांच्या पंगतीत कळलं,” सर म्हणत. मलाही तेच खरं वाटतं. ते क्रांतीपासून दूर गेले असं कुणी म्हणालं, तर मी आजही भांडतो.

त्या उन्हाळ्यात सरांनी माझ्या हातात साठ रुपये ठेवले. “देवासच्या पुढे पायी जा. शेतकऱ्यांच्या घरी राहा, त्यांच्या ताटात जेव.” अठरा दिवस हिंडलो. मे महिन्यातल्या काळ्या रानाच्या भेगांत माझा अख्खा पंजा जाई. एका म्हातारीनं घरात उरलेल्या ज्वारीची भाकरी मला वाढली आणि स्वतः पाणी पिऊन निजली. मला ते सकाळी कळलं. त्यानंतर शेतकऱ्यांत काम करण्यावाचून दुसऱ्या कुठल्या नोकरीचा विचार मी केला नाही. एकतीस वर्षं माळव्यातल्या बांधांवर गेली.

साठ रुपये परत करायला गेलो, सरांनी घेतले नाहीत.

२०२२ साली चापिंगोत खानखोज्यांचा पुतळा बसला. ती बातमी सांगायला सर उरले नव्हते.