घाई तीन हजारच्या दगडाची

घरच्या सुऱ्यांना धार लावायला मी वस्तूंपासून सुरुवात केली. खाचेतून सुरी ओढायचं छोटं यंत्र आणलं, मग पोलादी सळई, मग ४००, १००० आणि ३००० ग्रिटचे दगड (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). यंत्रातल्या कार्बाइडच्या पट्ट्या पातं खरवडून काढतात. धार चार दिवस बरी वाटते, सुरी मात्र झिजत जाते. सळई वाकलेली कड सरळ करते, गेलेली धार परत आणत नाही. हे ठाऊक नसल्याने मी बोथट सुऱ्या तिच्यावर घासत बसायचो.

दगडावर माझं चुकलं ते घाईने. ४००च्या दगडावर पातं जरा चमकलं की मी ३०००कडे वळायचो. सुरी लखलखीत दिसायची आणि पिकल्या टोमॅटोवरून सटकायची. एका बाजूने घासताना पलीकडे धातूची बारीक कुस उमटेपर्यंत दगड थेट धारेला लागलेलाच नसतो. ही कुस डोळ्यांना सहसा दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर अलगद नेला की खरखर लागते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग लागायला हवी. धारेवर मार्करने रेघ ओढून घासलं तेव्हा कुठे उमगलं: वरची शाई पुसली गेली होती, अगदी कडेची तशीच होती. ४० मिलिमीटर रुंद पात्याला १५ अंशांचा कोन हवा असेल तर पाठ दगडापासून सेंटिमीटरभर उचलावी लागते. मी जेमतेम निम्मी उचलत होतो.

पुढे धार नीट लागू लागली, पण टिकेना. कोथिंबीर थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिरायची सवय मोडून लाकडी फळी घेतली, तेव्हा ती टिकू लागली.

एक चूक मात्र निस्तरता आलेली नाही. आईच्या जुन्या, गंज धरणाऱ्या सुरीला खळगा पडला होता. तो लवकर जावा म्हणून मी ती कोरड्या ग्राइंडरवर धरली, मधे पाण्यात बुडवलीच नाही. कड आधी पिवळसर झाली, मग निळी. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की असा निळा रंग येतो, आणि तेवढ्यात त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. बाकीच्या पात्याची धार महिनाभर राहते, ती दोन बोटं जागा मात्र लगेच बोथट होते. दगडावर कितीही घासलं तरी तिथलं पाणी परत येणार नाही. त्यासाठी लोहाराला अख्खं पातं पुन्हा तापवून पाणी द्यावं लागेल.